गच्चीवरच्या वायफायला केबलमधून वीज: इंजेक्टर घेण्याआधी

इंदूरच्या लोकमान्यनगर, रामबागकडच्या दुमजली घरांत राउटर खाली बैठकीत असतो आणि मुलांची अभ्यासाची खोली वर, गच्चीलगत. तिथे ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे उपकरण) लावायचा, पण जवळ प्लग नाही, तर नेटच्या केबलमधूनच वीज नेता येते. यालाच पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) म्हणतात. ही वीज केबलमध्ये सोडतो तो इंजेक्टर, किंवा अनेक पोर्टचा पीओई स्विच. आणि इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो, कारण सॉकेट एकसारखे दिसले तरी त्यातून येणारी वीज एकच नसते.

एक प्रकार ठरलेल्या मानकाचा. ८०२.३एएफ हे मानक २००३ साली आले, त्यापुढचे एटी २००९ मध्ये. यात स्विच आधी पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का ते तपासतो आणि तो सापडला तरच ४४ ते ५७ व्होल्ट सोडतो. एएफचा पोर्ट १५.४ वॅट देतो, पण केबलमधली गळती धरून उपकरणाला १२.९५ वॅटचाच भरवसा असतो. एटीत हेच आकडे ३० आणि २५.५.

दुसरा पॅसिव्ह, बहुधा २४ व्होल्टचा. हा काहीच विचारत नाही: केबलच्या आठ तारांपैकी ४ आणि ५ वर धन, ७ आणि ८ वर ऋण, वीज सतत चालू. २४ व्होल्टचे पॅसिव्ह उपकरण एएफ स्विचला जोडले तर ते नुसते चालू होत नाही, नुकसान काही नाही. पण पॅसिव्ह इंजेक्टरच्या वीजवाल्या तोंडाला लॅपटॉप लावला तर त्याचा पोर्ट जळू शकतो. ओळखायला मल्टीमीटर पुरे. रिकाम्या तोंडाच्या ४-५ आणि ७-८ मध्ये स्थिर २४ दिसले तर तो पॅसिव्ह. एएफच्या रिकाम्या पोर्टवर असा स्थिर दाब मिळत नाही.

उपकरण चालू होते, पण रात्री घरातले सगळे नेटवर आले की बंद पडून पुन्हा सुरू होते? आधी केबल पाहा. तारेचे टोक चाकूने खरवडा; आतून चंदेरी निघाले तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. २४ व्होल्टवर १२ वॅटचे उपकरण ६० मीटरवर असेल, तर शुद्ध तांब्याच्या कॅट-५ई (नेटची नेहमीची केबल) मध्ये साधारण ३ व्होल्ट पडतात, मुलाम्याच्या तारेत ६ च्या आसपास. ४८ व्होल्टवर तेच काम निम्म्या प्रवाहात होते, म्हणून लांब अंतराला २४ चा हट्ट नकोच.

काही कारागीर १, २, ३, ६ या चारच तारा प्लगमध्ये दाबून बसवतात (क्रिंप करतात). १०० एमबीपीएस नेट त्यावर चालते, पण ४-५ व ७-८ मधून वीज देणारा इंजेक्टर तिथे मुकाच राहतो, आणि गिगाबिटला तर आठही तारा लागतात. इंजेक्टरवर १०/१०० लिहिले असेल, तर केबल कितीही चांगली असली तरी वेग १०० च्या वर जाणार नाही.

जेल रोडला स्विच घेताना पोर्टची संख्या नव्हे, एकूण वॅट विचारा. आठ पोर्ट आणि एकूण ६५ वॅट असतील, तर प्रत्येकी १५ वॅट घेणारी चारच उपकरणे चालतील.

इंजेक्टर गच्चीवर ठेवू नका. मे महिन्यात तिथल्या पेटीत तो भाजून निघतो. तो खाली, इन्व्हर्टरच्या सॉकेटला, राउटरशेजारी लावा. लाइट गेली तरी वरचे वायफाय चालू राहते.