वहीतलं वेबपेज

'टॅब घ्यावा की लॅपटॉप?' हा प्रश्न जून महिन्यात माझ्या काउंटरवर रोज येतो. खानदेशात अमळनेरला माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की पारोळा, चोपडा, धरणगाव भागातली मंडळी येतात. येणाऱ्याच्या खिशात एकच रक्कम असते आणि त्याच रकमेवर कापसाचं बियाणं नि खतही डोळा ठेवून असतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी कधी घाईत देत नाही.

यंदा पाऊस लांबला होता. भर दुपारी पारोळ्याकडच्या एका गावाहून तिघं आले. वडील, मामा आणि बारावीत गेलेली मुलगी. वडील खुर्चीवर टेकले आणि सरळ मुद्द्यावर आले, "भाऊ, पोरले चांगला टॅब दखाडा."

टॅब घ्यायचं मामांनी ठरवलं होतं. त्यांचा मुलगा ज्या क्लासला जातो तिथे सगळ्यांकडे टॅब आहेत. वजनाला हलका, मोबाइलच्याच चार्जरवर चार्ज होतो, गावात लाइट गेली तरी दिवस निघतो. त्यांचा एकही मुद्दा खोटा नव्हता. लाइटीचा तर मुळीच नाही. खेड्यावर राहणाऱ्या पोरांसाठी तो मुद्दा फार मोठा आहे, आणि तो शहरातल्या दुकानदारांच्या लक्षातही येत नाही.

मी मुलीला विचारलं, "बेटा, तुला यावर करायचं काय आहे?"

ती वडिलांकडे बघायला लागली. मग मी विषय विचारले. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि आयटी. आयटी ऐकल्यावर मी हातातला टॅबचा खोका बाजूला ठेवला. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या आयटीत एचटीएमएल आहे, जावास्क्रिप्ट आहे, पीएचपी आहे, म्हणजे वेबपेज बनवायच्या कॉम्प्युटरच्या भाषा, आणि पेपरसुद्धा कॉम्प्युटरवरच असतो. वाचून पाठ करण्याचा हा विषय नाही. हात बसावा लागतो.

"अकरावीचं प्रॅक्टिकल कसं केलं मग?"

तिने पिशवीतून वही काढली. लॅबमध्ये एका मशीनवर तिघी-चौघी बसायच्या, नंबर येईपर्यंत तास संपायचा. म्हणून ती घरून सगळा प्रोग्राम वहीत लिहून न्यायची. पानाचा प्रत्येक भाग जिथे सुरू नि बंद होतो तिथे कंसातली खूण, म्हणजे टॅग, लागतो; सुरुवातीचे टॅग निळ्या पेनाने, बंद होणारे लाल पेनाने, म्हणजे एखादा राहिला तर लगेच दिसतो. आणि प्रत्येक प्रोग्रामखाली पेन्सिलने एक चौकट. ब्राउझरमध्ये ते पान कसं दिसेल, ते तिने मनानेच काढलेलं. मथळा कुठे, टेबल कुठे, फोटोची जागा कुठे. मी बरीच वर्षं या धंद्यात आहे, पण कॉम्प्युटर समोर नसताना अख्खं वेबपेज डोळ्यांसमोर उभं करणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली.

मी तिला एक पान निवडायला सांगितलं आणि आधी टॅब हातात दिला. चांगला दहा इंची टॅब. ती टाइप करायला लागली तसा स्क्रीनवरच्या कीबोर्डने निम्मी जागा खाल्ली. एचटीएमएलमध्ये पावलोपावली लागणारा तो टोकदार कंस आधी आकड्यांच्या पानावर जायचं, मग त्याच्या मागच्या चिन्हांच्या पानावर, तेव्हा कुठे सापडायचा. कंस टाकला की पुन्हा अक्षरांकडे परत. चार-पाच ओळींत पोर घामाघूम झाली. वर सुचवलेले शब्द आपोआप बदलत होते ते निराळंच.

मग तिला लॅपटॉपवर बसवलं. नोटपॅड उघडून दिलं. सुरुवातीला एकेक अक्षर शोधत होती, पण शिफ्टबरोबर कंसाचं बटण सापडलं आणि हात चालू लागला. वहीकडे बघायची, टाइप करायची, ओठातल्या ओठात टॅग म्हणायची. फाइल सेव्ह करताना नावापुढे डॉट एचटीएमएल मला सांगावं लागलं नाही. डबल क्लिक केलं आणि पान उघडलं. फिकट हिरवी पार्श्वभूमी, वर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव, खाली पिकांचं टेबल: कापूस, मका, ज्वारी. पेन्सिलच्या चौकटीत होतं तसंच. एक ओळ मात्र टेबलाबाहेर पडली होती. ती तिला माझ्याआधी दिसली. वहीत शोधली, निळा टॅग टाइप करायचा राहिला होता, तो टाकला, पान पुन्हा लोड केलं. ओळ जागेवर.

वडील उठून जवळ आले. "आपला गावनं नाव शे ना हाई?"

"हा आबा. मीच लिखं."

मामा तरीही सहज मानणारे नव्हते, आणि त्यांनी विचारलं ते रास्तच होतं. टॅबला ब्लूटूथचा कीबोर्ड जोडला तर? मी म्हटलं, कंसाचा प्रश्न सुटेल, पण पीएचपीचा नाही. पीएचपीचा प्रोग्राम चालायला मशीनमध्ये सर्व्हर लागतो. लॅपटॉपवर झॅम्प नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की तो सर्व्हर मिळतो, काम होतं. टॅबवर त्याच्या आडवाटा आहेत, पण त्या शोधण्यातच पोरीचे दिवस जातील, आणि बारावीला दिवस कुठून आणायचे?

त्याच सकाळी नीटची तयारी करणाऱ्या एका मुलाला मी स्वतःहून टॅब दिला होता. त्याला लेक्चर बघायची होती, पीडीएफ वाचायच्या होत्या, प्रश्न सोडवायला वही होतीच. त्याच्या वडिलांना लॅपटॉप हवा होता, मी नको म्हटलं. फक्त आठ इंचीऐवजी दहा-अकरा इंची घ्यायला लावला. छोट्या स्क्रीनवर पुस्तकाचं पान मोठं करत, सरकवत वाचावं लागतं आणि पोरं वाचणंच सोडतात.

आता लॅपटॉप कोणता? वडिलांचं बोट सर्वांत स्वस्त नव्या लॅपटॉपवर गेलं. तो मी दिला नाही. साठवणीला ६४ जीबीची ईएमएमसी मेमरी, त्यात विंडोजच मावता मावत नाही, दोन अपडेटमध्ये जागा संपते. नवा असूनही तो वर्षभरात रडवतो. त्यापेक्षा कंपन्यांमधून वापरून उतरलेला मजबूत लॅपटॉप चांगला, पण तोही पारखून. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा, कारण विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याहून जुन्या मशीनवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. रॅम ८ जीबी, साठवणीची एसएसडी २५६ जीबी.

राहिली लाइट. मी त्यांच्यासमोर बॅटरी रिपोर्ट काढला. मूळ क्षमता पन्नास हजार मिलिवॅट-तासांच्या घरात, आता एक्केचाळीस हजार. म्हणजे तिच्या कामाला चार तास सहज. गिऱ्हाइकाने हा रिपोर्ट मागूनच घ्यावा, दुकानदार काचकूच करत असेल तर पुढचं दुकान गाठावं. "लाइट असेल तेव्हा चार्ज कर, आणि गोधडीवर ठेवून वापरू नको, खालून हवा लागते त्याला," एवढं तिला सांगितलं. आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत पंखा चोंदून बंद पडलेले लॅपटॉप माझ्या टेबलावर सारखे येतात.

टॅब पंधरा हजारांचा, हा एकोणीसचा. वडील थोडा वेळ गप्प बसले. "बी-बियानं बाकी शे आजून, भाऊ." बारा आता द्या, बाकीचे कापूस विकल्यावर, असं ठरलं.

मुलगी मात्र निघायला तयार नव्हती. गावात नेटला रेंज नसते, म्हणून झॅम्प इथेच टाकून द्या म्हणाली. टाकलं. बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकांच्या पीडीएफही उतरवून दिल्या. तेवढ्या वेळात तिने वहीतलं दुसरं पान टाइप करायला घेतलं.

मामांनी जाता जाता विचारलं, "आमना पोरगा पन आयटी लेवानं म्हनस. टॅब इकी टाकू का?"

"विकू नका. क्लासला तो लागतोच. विषय पक्का झाला की त्यालाच घेऊन या, मग बघू."