टिक कोणी काढली?

जुलैच्या २९ तारखेला सीएच्या ऑफिसातून आलेला फोन टाळता येत नाही. रिटर्नची मुदत ३१ ची. "दादा, नेट सुरूये, पण पोर्टल उघडतच नाही." लाइन ३०० एमबीपीएसची, स्पीड टेस्टला ४.

तिथला राउटर म्हणजे ईएसएक्सआयवरचं (एकाच कॉम्प्युटरवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एक व्हर्च्युअल मशीन, आत फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम. मीच बसवलेला. आदल्या रात्री लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली. सकाळी सगळं चालू केल्यापासून हा प्रकार. मी सरळ लाइनवाल्याला धारेवर धरलं. त्याच्या पोराने माझं सगळं ऐकून घेतलं, केबल थेट लॅपटॉपला लावली, २९० दाखवले आणि गेला.

पिंग स्वच्छ. सीपीयू निवांत. राउटरच्या कन्सोलवरून फाइल ओढली तर फुल स्पीड! तीच फाइल राउटरमागच्या पीसीवर कासवगतीने. आमच्या सर्व्हरशी आयपर्फ हे वेग मोजणारं टूल लावलं: यूडीपीला (पोच न घेता पाठवायची पद्धत) २५०, टीसीपीला (पोच घेत पाठवायची) पुन्हा ४. इथे पाल चुकचुकली.

टीसीपीडंप लावून येणारी-जाणारी पॅकेटं बघितली. १५०० च्या एमटीयूत, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारात, टीसीपीचा माल मावतो १४६० बाइट. मला दिसत होते २९२०, ४३८०, ८७६०. सगळे १४६० च्या पटीत. म्हणजे आलेली पॅकेटं व्हर्च्युअल कार्डच एकत्र बांधून वर देत होतं. याचं नाव एलआरओ, लार्ज रिसीव्ह ऑफलोड: जोडाजोडीचं काम कार्डावर ढकलणं. माल जिथे उतरायचा त्या मशीनला हे सोयीचं. राउटरला मात्र तो गठ्ठा पुढे ढकलायचा असतो. दार १५०० चं, आणि पॅकेटवर 'तुकडे करू नका' हा शिक्का. मग राउटर तो गठ्ठा फेकून देतो आणि पलीकडच्या सर्व्हरला कळवतो, 'लहान पाठव'. तो बिचारा १४६० चीच पाठवत होता!

राउटरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर एलआरओ बंद करा' यासमोर टिक नव्हती. टिक केली की बंद, काढली की चालू. असली उफराटी भाषा लिहिणाऱ्याला ती एकदा अशा गर्दीत वापरायला लावली पाहिजे. टिक केली, रीबूट केलं, २८७.

मग टिक काढली कोणी? कॉन्फिगच्या हिस्टरीत तारीख १४ मार्च, युजर मी. ऑफलोडने वेग वाढेल म्हणून काढली असणार. बदल लागू होतो रीबूटनंतर, आणि ते मी केलंच नव्हतं. साडेचार महिने तो तसाच दबा धरून होता.

ऑफिसात "लाइट गेल्यामुळे सेटिंग गडबडलं" एवढंच सांगितलं. व्हिजिटचे पैसे त्यांनी लगेच दिले, मी घेतलेही. लाइनवाल्या पोराला अजून फोन केलेला नाही.