मांजराचे हृदय आणि विषाणूचा संशय

खानापूर तालुक्यात भाताची पोती उंदरांपासून राखायला घरोघरी मांजर असते, पण त्याला हृदयविकार होतो म्हटले तर माणसे हसतात. आमचा बोका मागच्या दोन्ही पायांनी अचानक लुळा पडून विव्हळू लागला, तेव्हा शेजारच्या काकूंनी सापावर संशय घेतला होता. पाय थंड आणि तळवे फिकट पडलेले पाहून बेळगावच्या पशुवैद्यांनी सांगितले की, हृदयात धरलेली रक्ताची गुठळी सुटून महाधमनी जिथे दुभंगते तिथे अडकली आहे. मुळातला विकार म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होणे, आणि मांजरांच्या हृदयविकारांत तोच सर्वाधिक आढळतो.

तो का होतो, याचे उत्तर काही अंशी आनुवंशिकतेत आहे. मेन कून आणि रॅगडॉल या जातींत सदोष जनुके सापडली आहेत. मात्र 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हृदयस्नायूचा विकार असलेल्या 31 मांजरांपैकी 10 मांजरांच्या हृदयात पॅनल्युकोपेनियाच्या, म्हणजे मांजरांच्या पार्वोच्या, विषाणूचा डीएनए मिळाला आणि तुलनेसाठी घेतलेल्या 17 निरोगी हृदयांपैकी एकातही तो मिळाला नाही. एवढ्यावरून विषाणूला दोषी ठरवता येणार नाही, कारण डीएनए सापडणे आणि त्यानेच रोग होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही 1978 च्या सुमारास कुत्र्यांत पार्वो पसरला तेव्हा कोवळी पिल्ले हृदयदाहाने दगावली होती, हे लक्षात घेता मला हा संशय निराधार वाटत नाही.

संशय खोटा ठरला तरी पार्वोची लस वाया जात नाही. पार्वोने पिल्ले उलट्या-जुलाब होऊन पटापट मरतात आणि आपल्याकडे ‘कुणीतरी विष घातले’ म्हणून भांडणे होतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा द्यावी आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी. हा विषाणू घरात वर्षभरही तग धरतो, म्हणून फरशी पातळ केलेल्या ब्लीचने पुसून कोरडी करावी; काळे फिनाइल मात्र मांजरांना घातक असते.

छातीला नळी लावून हृदयाचा दोष कळेलच असे नाही, खात्री इकोनेच, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनेच, होते. घरी मात्र झोपलेल्या मांजराचे श्वास मोजता येतात: मिनिटाला तीसपेक्षा अधिक श्वास वारंवार भरले, तर पशुवैद्यांना दाखवावे, आणि तोंड उघडून धापा टाकत असेल तर सकाळची वाट न पाहता निघावे.