‘आधी नशा सोडा, मग या’: भावाच्या हिपॅटायटिस सीच्या उपचारांचा अनुभव

माझा धाकटा भाऊ नशेची इंजेक्शनं घेतो. नव्या सुया-सिरिंज देणाऱ्या केंद्रात त्यानं स्वतःहून हिपॅटायटिस सीची, म्हणजे यकृत बिघडवणाऱ्या विषाणूची, तपासणी करून घेतली. बोट टोचून रक्ताचा थेंब घेतला, थोड्या वेळानं पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मग रक्तात विषाणू आत्ता आहे का, हे बघणारी आरएनए तपासणी झाली, तीही पॉझिटिव्ह. तिथवर कुठेच अडलं नाही.

अडलं ते रुग्णालयात. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, भावाच्या कोपराच्या खळगीतले काळे डाग पाहिले आणि फाइल मिटून आमच्याकडे सरकवली. "आधी नशा सोडा, मग या." किती दिवस सोडायची, सोडल्याचा पुरावा काय लागेल, विचारलं तर उत्तर नाही. पुन्हा गेलो तर दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच ऐकवलं. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "जाऊ दे ना ताई." त्याच्या तोंडून ते ऐकून जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही. माणूस आपल्या पायांनी उपचाराला आलाय, त्याला हाकलायचं? तोवर यकृत थांबणार आहे का? जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सांगतेय, की बारा वर्षांवरच्या प्रत्येक रुग्णाला उपचार द्या. इंजेक्शन घेणारेही त्यात आले.

शेवटी केंद्रातल्या समुपदेशक मॅडम सोबत आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "नाकारताय तर कारण केसपेपरवर लिहून द्या." लिहायची वेळ आली आणि त्याच टेबलावर गोळ्या लिहून मिळाल्या. म्हणून सांगते, तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

गोळ्या बारा आठवडे रोज होत्या. त्यानं एकही चुकवली नाही. त्या संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. ‘असले लोक औषधं नीट घेत नाहीत’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो रिपोर्ट दाखवावासा वाटतो.

बरं झाल्यावरही अँटिबॉडी तपासणी, म्हणजे ती पट्टीवरची, पॉझिटिव्हच येते. तिला घाबरू नका, आरएनएच बघा. लागण मात्र पुन्हा होऊ शकते, त्यामुळे सुईच काय, नशेसाठी वापरायचा चमचा, कापूस, पाणीसुद्धा प्रत्येकाचं वेगळं हवं. आणि हो, गोळ्या सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी मागून घ्या. तो अंगात दबून असेल तर सीच्या औषधांनी उसळू शकतो.