तुम्ही विचारलंत म्हणून: रिचमंडचे माझे बावीस

मेलबर्नमध्ये फुटी (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) बघणाऱ्या माणसाला 'क्लब कुठला?' हे एकदाच विचारतात. मी रिचमंडची, असं एकदा सांगून झालं की त्यानंतर वर्षानुवर्षं येतो तो पुढचा प्रश्न: 'मग तुझे बावीस कोण?' ऑफिसात विचारतात, स्वान स्ट्रीटवर सामन्याआधी जेवायला बसलं की विचारतात, आणि आता आपल्या मराठी घरांतली इथे जन्मलेली मुलंही विचारायला लागली आहेत. गणपती आणि फुटीच्या फायनल्स बहुतेक वर्षी एकाच सुमाराला येतात, त्यामुळे आरतीनंतर प्रसाद वाटला जात असताना एका कोपऱ्यात हा वाद हटकून चालू असतो. मी दर वेळी अर्धवट उत्तर देते, कारण पूर्ण उत्तराला वेळ लागतो. तो आज घेते.

प्रश्न असा. रिचमंडने 2017, 2019 आणि 2020 अशा चार वर्षांत तीन प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकल्या. 2017 ची तर 37 वर्षांच्या दुष्काळानंतरची. या तिन्ही ग्रँड फायनलमध्ये (विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्यात) उतरलेल्या सगळ्यांमधून एकच संघ निवडायचा, तर कोणाला घ्याल?

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर अठरा विरुद्ध अठरा. उंच खांबांमधून चेंडू लाथाडला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. त्या काळात बाकावर चौघे असत, म्हणून बावीस. (2021 पासून तेविसावा आला.) संघ जाहीर होतो तो शक्यतो गुरुवारी संध्याकाळी, आणि वर्तमानपत्रात सहा ओळींत छापतात: मागची फळी, अर्धी मागची, मधली, अर्धी पुढची, पुढची आणि शेवटी चेंडूमागे धावणारे तिघे. ही मांडणी शंभर वर्षांपूर्वीच्या खेळाची आहे. आज कागदावर 'हाफ-फॉरवर्ड' म्हणून छापलेला माणूस पाचव्या मिनिटाला स्वतःच्या गोलसमोर धापा टाकत उभा असतो. तरी लोक त्या सहा ओळींत नावं भरत बसतात, आणि माझ्या मते गडबड इथेच होते. रकाने भरायला घेतले की प्रत्येक रकान्यात सगळ्यात मोठं नाव टाकावंसं वाटतं.

मी उलटीकडून सुरू करते. तिन्ही वेळा खेळलेले चौदा जण आहेत. मार्टिन, कॉचिन, रीवोल्ट, ग्राइम्स, ॲस्टबरी, व्लास्टन, हूली, ब्रॉड, एडवर्ड्स, लॅम्बर्ट, प्रेस्टिया, कास्टान्या, रिओली आणि नँकर्व्हिस. यातल्या कोणालाही मी हात लावत नाही. इथेच पहिला आक्षेप येतो: जेसन कास्टान्या काय म्हणून? त्याची गोलकडे मारलेली लाथ कुठे जाईल हे त्यालाही माहीत नसायचं, हे मला मान्य. पण आमचे प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांचा संघ ज्या गोष्टीवर उभा होता ती कास्टान्या करायचा. चेंडू हातातून गेला की प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूला सरळ उभं राहून पास देऊ द्यायचा नाही. धावायचं, अंगावर जायचं, पडलं तरी उठून पुन्हा जायचं. हे आकडेवारीच्या तक्त्यात नीट दिसत नाही. स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर बसलं की मात्र स्वच्छ दिसतं.

2017 ची गंमतच ती होती. पुढच्या फळीत उंच असा एकटा जॅक रीवोल्ट, बाकी सगळे बुटके आणि वेगवान: रिओली, बटलर, कास्टान्या. मोसमाआधी कोणी असा संघ कागदावर लिहून दाखवला असता तर आम्हीच हसलो असतो. रीवोल्ट म्हणजे त्याआधी 2010 आणि 2012 मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गोल करून कोलमन पदक मिळवलेला माणूस. त्या वर्षी त्याचं काम काय, तर दोन-तीन बचावपटूंच्या गर्दीत उडी मारायची आणि चेंडू झेलता नाही आला तरी खाली पाडायचा. खाली हे तिघे टपलेलेच. ग्रँड फायनलमध्ये समोर गुणतालिकेत पहिला आलेला ॲडलेड होता. निकाल 108 विरुद्ध 60.

आता उरलेल्या आठ जागा. उमेदवार पंधरा: रान्स, मॅकिन्टॉश, बटलर, टाउनसेंड, ग्रॅहम, ग्रिग, एलिस, कॅडी, शॉर्ट, लिंच, बोल्टन, बेकर, पिकेट, सोल्डो, बाल्टा. भांडण सगळं इथेच.

ॲलेक्स रान्सबद्दल आधी बोलून टाकू. 2014 ते 2018 सलग पाच वर्षं ऑल-ऑस्ट्रेलियन संघात (लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात) निवडला गेलेला फुल-बॅक, म्हणजे गोलसमोरचा बचावपटू, आणि त्याच्या नावावर प्रीमियरशिप एकच. 2019 च्या पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि वर्ष संपताना तो निवृत्तही झाला. त्याच्याविना संघाने आणखी दोन जिंकल्या, म्हणून तो नसलेलाच बरा असं म्हणणारा एक पंथ आमच्यात आहे. त्यांचा मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. रान्सला आपला माणूस सोडून दुसऱ्याच्या डोक्यावरचा चेंडू उडवायला जायची सवय. तो नव्हता तेव्हा ते काम व्लास्टनकडे आलं आणि त्याने ते चोख केलं, ग्राइम्सही मोठा झाला. पण रान्स सुटायचा तेव्हा मागे उरलेला माणूस कोण सांभाळायचा? ॲस्टबरी आणि ग्राइम्सच. ते दोघे या संघात आहेत. तेव्हा रान्स आत, आणि बाल्टा बाहेर. बाल्टा 2020 ला उत्तम खेळला, पण मागे पाचवा उंच माणूस ठेवला की चेंडू जमिनीवर पडल्यावर आपण मेलो.

जेडन शॉर्ट आत. मागून निघालेली त्याची लांब, सपाट लाथ पन्नास मीटरवरच्या माणसाच्या छातीवर जाऊन बसते. बाचर हूलीही तेच करायचा, डाव्या पायाने. मी हूलीला गरजेप्रमाणे विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, सरकवेन, दुसऱ्या विंगवर कॅम्डिन मॅकिन्टॉश. मॅकिन्टॉशचं नाव घेतलं की लोक जांभया देतात. ब्रँडन एलिस त्याच्यापेक्षा देखणा खेळायचा, त्याला गाळताना मलाही वाईट वाटतं. पण विंगवरच्या माणसाचं निम्मं काम दोन्ही गोलांच्या मध्ये नुसतं धावत राहायचं असतं, तेही बहुतेक वेळा चेंडू न मिळता. ते मॅकिन्टॉशइतकं निमूटपणे कोणी केलं नाही.

मध्यभागाबद्दल वाद नाही. डस्टिन मार्टिन, ट्रेंट कॉचिन, डिऑन प्रेस्टिया, आणि गर्दीतून हाताने चेंडू सोडवून देणारा शेन एडवर्ड्स. मार्टिनने तिन्ही ग्रँड फायनलमध्ये सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक घेतलं, असं तीनदा दुसऱ्या कोणी केलेलं नाही. त्याच्याबद्दल आणखी लिहिणं म्हणजे तुमचा वेळ खाणं.

पुढे टॉम लिंच घ्यायचा की नाही? 2017 चं सूत्र पाळायचं तर नाही. पण 2019 ला तो गोल्ड कोस्टहून आल्यावर रीवोल्टच्या अंगावरची गर्दी अर्धी झाली. शिवाय हार्डविकने लिंच घेतला म्हणून बुटके कमी केले नाहीत, हे महत्त्वाचं. लिंच आत. शाय बोल्टनही आत, कारण तो पुढे गोल करतो आणि मध्ये बाउन्सलाही (पंच चेंडू उडवून खेळ सुरू करतात तेव्हा) उभा राहतो. मग डॅन बटलर आणि जेकब टाउनसेंड बाहेर, 2017 चे दोघेही लाडके असूनही. जॉश कॅडीसुद्धा बाहेर. त्याच्यासारखं काम करणारे आधीच दोन जण आहेत.

सगळ्यात जास्त शिव्या मी खाते त्या पुढच्या नावासाठी. शॉन ग्रिग.

रक म्हणजे पंच चेंडू उंच उडवतात तेव्हा तो आपल्या माणसांकडे टोलवणारा धिप्पाड गडी. आमचा टोबी नँकर्व्हिस. पण एकटा माणूस सगळ्या सामन्यात प्रत्येक बाउन्सला उड्या मारू शकत नाही. आणि 2017 पासून नियम आला की प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी एकेकच ठरलेला माणूस उडी मारेल, तिसऱ्याने मध्ये घुसायचं नाही. म्हणजे नँकर्व्हिसला श्वास घ्यायला दुसरा रक हवा. बाकीचे क्लब त्यासाठी आणखी एक ताडमाड माणूस घेत. रिचमंडने 190 सेंटिमीटरच्या ग्रिगला उभं केलं, जो मुळात मध्यभागात धावणारा. तो उड्या हरायचा, पुष्कळदा हरायचा. पण चेंडू खाली पडताच रिचमंडकडे एक धावणारा जास्त असायचा आणि समोरच्यांकडे एक दमलेला उंच माणूस. 2019 च्या ग्रँड फायनलमध्ये मात्र 204 सेंटिमीटरचा आयव्हन सोल्डो नँकर्व्हिसच्या जोडीला होता आणि ती आम्ही 89 गुणांनी जिंकली, हे मला कोणीतरी लगेच सुनावतं. खरं आहे. पण माझ्या संघात आता रान्स, ॲस्टबरी, ग्राइम्स, रीवोल्ट, लिंच आणि नँकर्व्हिस आहेत. त्यात सोल्डो घातला की चौथ्या क्वार्टरमध्ये हा संघ ओल्या गोणपाटासारखा जड होईल. त्या काळी बाकावरून सामन्यात 90 अदलाबदलींची मर्यादा होती, 2021 पासून ती 75 वर आली. पाय कोणाचे किती टिकतात, यावर निवड करावीच लागते.

नावापुढे नाव मांडून तुलना करणाऱ्यांना मी नेहमी 2018 ची आठवण करून देते. त्या वर्षीचा रिचमंड कागदावर 2017 पेक्षा भारी होता. रान्स, ग्राइम्स, ॲस्टबरी तिघेही धडधाकट, रीवोल्टला तिसरं कोलमन, गुणतालिकेत पहिला नंबर. प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीचा सामना, शुक्रवारी 21 सप्टेंबरला, घरात गणपती बसलेले. कॉलिंगवूडचा मेसन कॉक्स, 211 सेंटिमीटरचा अमेरिकन, आमच्या त्याच नावाजलेल्या बचावाच्या डोक्यावरून चेंडू झेलत सुटला आणि आम्ही 39 गुणांनी हरलो. त्या बचावात एकही नाव बदलावं असं मला आजही वाटत नाही. त्या रात्री कॉक्सकडे येणारा चेंडू मध्यभागातच अडवायला हवा होता. तिथे आमचे पाय पोचत नव्हते.

ग्रिगनंतर सातवी जागा जॅक ग्रॅहमची. 2017 ची ग्रँड फायनल हा त्याचा पाचवाच सामना, वय एकोणीस. ॲडलेडच्या रोरी स्लोनला त्याने जखडून ठेवलं आणि वर तीन गोल केले.

आठवी आणि शेवटची जागा. इथे सगळे मार्लियन पिकेटचं नाव घेतात, आणि मी लियम बेकरचं. पिकेटची गोष्ट ठाऊक असलेल्याला हे दगडाच्या काळजाचं वाटतं. 2019 च्या मध्यावर ड्राफ्टमधून (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातून) आलेला, सत्तावीस वर्षांचा माणूस. आधीच्या आठवड्यात क्लबच्या राखीव संघाला व्हीएफएलची (व्हिक्टोरियातल्या खालच्या लीगची) फायनल जिंकून देतो आणि लगेच ग्रँड फायनलमध्येच पदार्पण करतो. असं पदार्पण 1952 नंतर पहिल्यांदा झालं. पन्नास नंबरचा तो गडी सामन्यात एक गोल करून गेला, तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा हात दाबला होता. पण शेवटची जागा अडचणीच्या वेळेसाठी असते. पहिल्या क्वार्टरमध्ये मागचा माणूस लंगडत बाहेर आला तर बेकर मागे जातो, पुढचा आला तर पुढे, मध्यभाग दमला तर मध्यभागात. आणि कुठेही गेला तरी तो समोरच्याच्या अंगावर जाणारच. पिकेट त्याच्यापेक्षा देखणा खेळायचा, पण एवढ्या ठिकाणी खेळायचा नाही.

आता मैदानाचा प्रश्न. हे बावीस मी एमसीजीसाठी निवडले आहेत, रुंद मैदान, विंगला पळायला भरपूर जागा. सामना जिलाँगच्या कार्डिनिया पार्कवर असेल तर ते मैदान लांब आणि अरुंद. तिथे कडेने खेळ चालतो, चेंडू वारंवार रेषेबाहेर जातो आणि त्या काळच्या नियमांप्रमाणे बहुतेक वेळा नव्याने उड्या माराव्या लागत. तिथे मी गुपचूप ग्रिगला बसवून सोल्डोला घेईन, आणि स्वान स्ट्रीटवर त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही.

पिकेटवाल्यांनी रागावू नये. 2019 ला त्याला जागा मिळाली ती प्रिलिमिनरी फायनलमध्ये ग्रॅहमचा खांदा दुखावला म्हणून. माझ्या यादीत ग्रॅहम आत आहे आणि राखीव म्हणून पहिलं नाव पिकेटचं आहे. सामन्याच्या दिवशी ग्रॅहमला हात वर करून दाखवायला सांगते.