माटोळीखालचे 24 फोटो

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपून तीन आठवडे झाले, आणि आता कुठे नोंदवही घेऊन बसले आहे. मागची नोंद मे महिन्यातली. तेव्हा माझ्याकडे गोव्यातले आग्वाद किल्ल्याचा तट, दिवाडीची फेरीबोट, मिरामारची वाळू असे साठेक पॅनोरमा होते, म्हणजे चहूबाजूंनी फिरवून बघता येणारी 360 अंशांची चित्रं. बघणाऱ्या सगळ्यांना ते आवडत, पण त्यातल्या एकाचेही पैसे मिळाले नव्हते. या पावसाळ्यात पाच कामं मिळाली आणि पाचही घराच्या आतली. किनाऱ्यावर माझ्या ज्या चुका झाकल्या जात होत्या, त्या घराच्या आत उघड्या पडल्या. म्हणून यावेळी सामानाबद्दल लिहिताना आधी खोलीबद्दल लिहावं लागतंय.

सामान आज असं आहे. बॉडी निकॉन डी5300, जुनी, 24 मेगापिक्सेलची. लेन्स सॅमयांगची 8 मिमी एफ/3.5 फिशआय, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी फुगीर काचेची. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून ती पणजीत सेकंडहँड घेतली, 11 हजारांना. तिला ऑटोफोकस नाही आणि या कामात तो लागतही नाही. लेन्सचं छिद्र एफ/8 वर ठेवून फोकसची रिंग एकदा नीट बसवली की हातभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मी रिंगेवर टेप चिकटवून टाकली आहे. कॅमेरा उभा ठेवून भोवताली 60-60 अंशांवर 6 फोटो, मग एक सरळ वर आणि एक सरळ खाली. स्टिच केल्यावर, म्हणजे हे फोटो सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांना जोडल्यावर, रुंदी साधारण 12 हजार पिक्सेल आणि उंची 6 हजार, कारण 360 बाय 180 अंशांचं चित्र सपाट पसरलं की ते दोनास एक असंच येणार.

मला विचारणाऱ्यांपैकी निम्मे जण आधी रिको थेटा झेड1 बद्दल विचारतात. तो कॅमेरा मी भाच्याच्या मित्राकडून दोन दिवस आणून वापरला. एक बटण दाबलं की 6720 बाय 3360 चं पूर्ण चित्र तयार, आणि एक इंचाचे दोन सेन्सर असल्यामुळे दर्जाही चांगला. शिगम्याची मिरवणूक, लग्नाचा हॉल, जिथे माणसं हलतात तिथे त्याला तोड नाही. माझी पद्धत तिथे चालतच नाही, कारण सहावा फोटो काढेपर्यंत पहिल्या फोटोतला माणूस तिसऱ्यात जाऊन पोचलेला असतो. पण त्याच्या दोन लेन्स पाठीला पाठ लावून बसवलेल्या आहेत आणि मध्ये कॅमेऱ्याची जाडी आहे. दोघी एकाच बिंदूतून बघत नाहीत, त्यामुळे जवळची वस्तू नेमकी सांध्यावर आली की ती तुटते आणि तुम्हाला काही करता येत नाही. जुन्या घराची वसरी, अरुंद माजघर, देवखोली यांचं काम करायचं असेल तर फिशआय आणि पॅनोहेड हाच मार्ग, असं माझं मत आता पक्कं झालं आहे.

पॅनोहेडवर, म्हणजे ट्रायपॉडवर कॅमेरा एका ठरावीक बिंदूभोवती फिरवणाऱ्या, सरकत्या पट्ट्यांच्या साधनावर, जरा सविस्तर लिहिते, कारण सगळं तिथेच ठरतं. आपण सगळे 'नोडल पॉइंट' म्हणतो खरं, पण कॅमेरा ज्या बिंदूभोवती फिरायला हवा तो लेन्सच्या प्रवेश-छिद्राचा मध्य असतो. समोरून लेन्समध्ये बघितलं की आत तरंगणारं जे गोल भोक दिसतं, तेच ते छिद्र. फिशआयमध्ये हा बिंदू एका जागी राहात नाही. प्रकाश जितका कडेकडून येईल तितका तो पुढे सरकतो. म्हणून चाचणी चौकटीच्या मध्यावर घेऊन उपयोग नाही. माझे शेजारशेजारचे दोन फोटो 60 अंशांनी वेगळे, म्हणजे त्यांचा सांधा प्रत्येकाच्या मध्यापासून 30 अंशांवर येतो. चाचणीही तिथेच घ्यायला हवी.

मी ती अशी घेते. वसरीच्या वाशाला गवंड्याचा ओळंबा टांगते, कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर. त्याच्या मागे अंगणापलीकडचा विजेचा खांब. आधी कॅमेरा सरळ खाली वळवून खालची पट्टी अशी बसवते की फिरवताना हेडच्या मधला स्क्रू चौकटीच्या मध्यावरून हलत नाही. मग कॅमेरा परत समोर क्षितिजाकडे रोखते, ओळंबा उजवीकडे 30 अंशांवर येईल असा फिरवते, फोटो घेते, डावीकडे 30 वर आणून पुन्हा घेते. दोन्ही फोटो मोठे करून बघते. खांब दोरीच्या डाव्या बाजूने उजव्या बाजूला गेला, तर वरची पट्टी मिलिमीटरभर सरकवून पुन्हा तेच. माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी जिथे दोरी आणि खांब एकमेकांना सोडेनात, तिथे पट्टीवर सुईने रेघ मारली.

एवढा खटाटोप कशाला, ते आकड्यात सांगते. पट्टी 5 मिलिमीटर चुकली तर 60 अंश फिरताना लेन्सचा तो बिंदू तेवढाच, म्हणजे 5 मिलिमीटर, बाजूला सरकतो. माझ्या चित्रात मीटरभर अंतरावरची वस्तू त्यामुळे मागच्या भिंतीच्या तुलनेत जवळजवळ 10 पिक्सेल सरकते. 5 मीटरवरची 2 पिक्सेल सरकते, आणि मांडवीपलीकडच्या काठाला काहीच होत नाही. आग्वादच्या तटावर माझी पट्टी वर्षभर चुकीची होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तो पत्ता लागला सावईवेऱ्याला. पहिलं पैशाचं काम. आत्याच्या ओळखीच्या काकू, वय सत्तरीच्या पुढे, घराचा पुढचा भाग पाहुण्यांना राहायला देणार होत्या. चिऱ्याच्या भिंती, मधोमध राजांगण, लाल कोबा, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, आणि सोप्यात पितळी साखळ्यांचा झोपाळा. मी झोपाळ्याशेजारी ट्रायपॉड लावला, कारण तिथून राजांगणातलं तुळशी वृंदावन सरळ दिसतं. पंखा बंद केला, झोपाळा हाताने स्थिर केला. घरी येऊन स्टिच केलं, फोनवर दाखवायला गेले. काकूंनी चष्मा लावला, बोटाने चित्र सावकाश फिरवत गेल्या आणि झोपाळ्यापाशी थांबल्या.

"अगो, ही साखळी तुटलीय कशी?"

कडी जिथे कडीत अडकते तिथे अर्धी कडी एका बाजूला आणि उरलेली अर्धी बोटभर शेजारी होती. मी ते चित्र वीस वेळा बघितलं होतं आणि वृंदावनाच्या उजेडातच अडकून पडले होते. "आमच्या मामंजींनी करून घेतलेल्या साखळ्या ह्या," काकू म्हणाल्या, "लोकांना वाटेल झोपाळा मोडका आहे." त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. मी त्या कामाचे 3 हजार तेव्हा घेतले नाहीत. ओळंब्याच्या त्या दोन संध्याकाळी या घटनेनंतरच्याच. मग पुन्हा जाऊन सगळं काढलं. साखळी अखंड आली, काकूंनी पैसे दिले, वर फणसाची साठं बांधून दिली.

पुढची चारही कामं काकूंच्या फोनमधूनच आली. पैशाचं काम कुठे शोधायचं असं जे विचारतात त्यांना मी एवढंच सांगू शकते की माझ्या बाबतीत ते समुद्रकिनाऱ्यावर नव्हतं. किनारपट्टीवरच्या एका हॉटेलने 20 खोल्यांचं काम सांगितलं होतं. तीन खोल्या नमुन्यादाखल फुकट काढून घेतल्या आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. त्या दिवसापासून अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय ट्रायपॉड उघडत नाही, आणि नमुना म्हणून सावईवेऱ्याचंच चित्र दाखवते. आमच्या फोंडा, डिचोली, पेडण्याकडे मात्र एक वेगळीच गरज आहे. मोठी, सामाईक घरं. एक भाऊ इथे, एक मुंबईत, एक आखातात. घराची दुरुस्ती काढायची, नाहीतर वाटणी करायची, आणि त्याआधी सगळ्यांना घर जसंच्या तसं बघायचं असतं. प्रत्येक खोली, प्रत्येक कोपरा, माळ्यासकट. या माणसांना घाई नसते, घासाघीस फारशी नसते, आणि ती चित्रं ती खरोखर तासन्‌तास बघतात. सध्या मी पाच जागांपर्यंत (एक जागा म्हणजे ट्रायपॉड एकदा लावून केलेलं एक चित्र) 6 हजार घेते, पुढच्या प्रत्येक जागेला 800. दिवसभरात आठ जागा होतात, मग घरी दोन रात्री. बँकेची नोकरी सांभाळून महिन्याला दोन कामं, त्याहून जास्त नको.

देवळांसाठी विचारणा येते. बहुतेक ठिकाणी गाभाऱ्याचा फोटो काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सभामंडप आणि दीपस्तंभ यांच्यासाठी देवस्थान समितीकडून लेखी परवानगी घ्यावी. तांबडी सुर्लासारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते, हे नव्यांनी लक्षात ठेवावं.

आता माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगायची फळांनी सजवलेली लाकडी चौकट. याच पाचांतलं हे चौथं काम, आणि मला सगळ्यात जवळचं. घर फोंड्याजवळच. मोठा मुलगा मस्कतला, यंदा रजा मिळाली नाही. त्याने फोन करून सांगितलं, "ताई, गणपतीचे फोटो सगळे पाठवतात. मला माटोळीखाली उभं राहून वर बघायचंय."

चवथीच्या आदल्या रात्री गेले. माटोळी बांधून झाली होती, गणपती सकाळी यायचा होता, म्हणून खोली रिकामी मिळाली. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीची शिंपुटी, चिबूड, तोरिंगं, आंबाडे, केळीचे घड, रानातली लालभडक कांगलां. सगळ्यात खालचं फळ लेन्सपासून दीड-दोन फुटांवर. तिथे 5 मिलिमीटरची चूक म्हणजे 17 पिक्सेल, म्हणजे प्रत्येक आंबाड्याचे दोन आंबाडे.

इथे एक अडचण होती. माझी पट्टी 30 अंशांच्या सांध्यासाठी बसवलेली, पण वरच्या फोटोचा आडव्या रांगेशी सांधा त्याहून बराच कडेला पडतो, आणि तिथे फिशआयचा बिंदू पुढे सरकलेला असतो. दोन्ही एकाच वेळी बरोबर बसत नाहीत. म्हणून माटोळीतून सांधा जाऊच द्यायचा नाही असं ठरवलं. ट्रायपॉड बरोबर मध्याखाली आणला, उंची नेहमीपेक्षा वीतभर कमी केली आणि कॅमेऱ्याची लांब बाजू माटोळीच्या लांबीला समांतर धरून वरचा फोटो घेतला. अख्खी माटोळी त्या एका फोटोत मावली. स्टिच करताना आडव्या रांगेतल्या सहाही फोटोंमधली फळं मास्क करून (झाकून) टाकली, म्हणजे सांधा पांढऱ्या भिंतीतून गेला, आणि तिथे तो कोणाला दिसणार?

प्रत्येक दिशेला दोन-दोन स्टॉपच्या (म्हणजे उजेड चौपट कमी-जास्त अशा) अंतराने तीन एक्स्पोजर, आठ दिशा, एकूण 24 फोटो. लुकलुकणाऱ्या माळा घरच्यांना स्थिर ठेवायला सांगितल्या. एलईडीचे पट्टे येऊ नयेत म्हणून शटर 1/50 किंवा त्याहून संथ, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आणि असे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. व्हाइट बॅलन्स ठरवून बांधलेला, सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. पंखा बंद, उदबत्ती बंद. समईची ज्योत तीन एक्स्पोजरमध्ये तीन ठिकाणी येते, तेव्हा तिच्यापुरता एकच फोटो वापरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मस्कतहून फोन आला. "ते कोपऱ्यातलं तोरिंग आमच्या विहिरीवरच्या झाडाचं ना?" तो मला विचारत होता. मी फोन त्याच्या आईकडे दिला.

स्टिचिंग हगिनमध्ये शिकले आणि अजूनही साध्या कामाला तेच वापरते. फुकट आहे आणि कंट्रोल पॉइंट (दोन फोटोंत सारखाच दिसणारा, जुळवणीचा बिंदू) म्हणजे काय ते हाताने लावून कळतं. पैशाच्या कामाला पीटीगुई प्रो घेतलं, मास्किंगसाठी आणि खालच्या फोटोसाठी. दोघांचंही मूळ एकच, जर्मनीतल्या हेल्मुट डेर्श यांची 1998 ची पॅनोरमा टूल्स. ऑटोपॅनो हे असंच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या जुन्या लोकांना आठवत असेल: 2015 मध्ये गोप्रोने ते बनवणारी कोलोर कंपनी घेतली आणि 2018 मध्ये बंद केली. म्हणून गिऱ्हाइकाला मी रॉ, तयार टिफ आणि जेपेग तिन्ही देते. बघायला पॅनेलम, तेही फुकट.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागली नाही. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत आर्द्रतामापक. काटा 50 च्या वर गेला की जेल तव्यावर गरम करून परत ठेवते. फिशआयच्या फुगीर काचेवर फिल्टर बसत नाही, म्हणून फोटो घ्यायची वेळ येईपर्यंत टोपी काढायची नाही.

अजून न सुटलेली गोष्ट लाल कोबा. घासून गुळगुळीत झालेल्या त्या जमिनीत ट्रायपॉडचे पाय आरशासारखे उमटतात. पाय पुसता येतात, पण प्रतिबिंब पुसलं की तिथला उजेड खोटा दिसतो. ट्रायपॉड हटवून हातात कॅमेरा धरून घेतलेला खालचा फोटो जुळवावा, तर एकरंगी जमिनीवर कंट्रोल पॉइंट सापडत नाहीत. येत्या रविवारी डिचोलीच्या घरात जमिनीवर सहा नाणी ठेवून बघणार आहे. रांगेतल्या सहा फोटोंत नाणी असतील, हातातल्या खालच्या फोटोतही असतील, जुळवणी त्यांच्यावर होईल. मग नाणी उचलून त्याच जागेवरून आणखी एक फोटो, तो नाण्यांच्या जागी भरायला. कोणी हे केलं असेल तर रविवारच्या आत सांगा.