एवढ्या काळोखात कोल्ह्याला दिसतं तरी कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे राहायला येणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब हाच प्रश्न विचारतं, रात्रीची जेवणं आटपली आणि खाडीच्या बाजूने कोल्हेकुई सुरू झाली की: “काकू, एवढ्या काळोखात त्याला दिसतं तरी कसं?” मग कोणीतरी मोबाईलचा टॉर्च मारतं, गडग्यापलीकडे दोन डोळे चमकतात आणि सगळ्यांची खात्री पटते की बघा, डोळ्यांचीच कमाल सगळी.

तर डोळ्यांचं आधी उरकून टाकते. डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो, टॅपेटम म्हणतात त्याला, त्यामुळे आत आलेला उजेड दोनदा वापरता येतो आणि चांदण्यात कोल्ह्याला आपल्यापेक्षा बरंच जास्त दिसतं. आपल्याला हा थर नाही. पण गोठ्यातल्या गाईचे डोळेही टॉर्चमध्ये असेच चमकतात की, ती काय उंदीर मारायला जाते? माझ्या मते शिकारीत डोळ्यांचा नंबर शेवटचा, अगदी जवळ गेल्यावर काही हललं तर टिपायला. डोळे चमकतात म्हणून आपलं लक्ष तिकडे जातं इतकंच, कानाला बिचाऱ्याला चमकता येत नाही.

खरं काम कानाचं. भातकापणी झाल्यावर खाचरात उंदीर माजतात, तेव्हा ओटीवर गुपचूप बसलात तर कधीकधी बघायला मिळतं, कोल्हा चालता चालता थांबतो, एक कान इकडे एक तिकडे फिरवतो, मान वाकडी करतो आणि तसाच उभा राहतो, वाटतं झोपला की काय. तो ऐकत असतो. पेंढ्याखाली उंदीर कुरतडतोय तो आवाज एका कानात किंचित आधी पोचतो, दुसऱ्यात किंचित नंतर, त्या फरकावरून डावं-उजवं कळतं आणि मान तिरकी केली की वर-खालचा अंदाज येतो. मग चारही पाय उचलून उडी आणि वरून पुढच्या पायांनी दाब. उंदीर दिसलेलाच नसतो त्याला तोपर्यंत!

यावर बारकाईने अभ्यास झालाय तो मात्र लाल खोकडावर, म्हणजे इंग्रजीतल्या रेड फॉक्सवर. आपल्या किनाऱ्यावरचा हा सोनेरी कोल्हा, कुत्र्या-लांडग्यांच्या गोतातला, बाहुली गोल. खोकडं वेगळी, त्यांची बाहुली मांजरासारखी उभी चीर. साधं खोकड घाटावर सोलापूरकडच्या माळरानात असतं आणि लाल खोकड हिमालयात, कच्छ-राजस्थानात, शिवाय युरोपभर. त्या लाल खोकडाला ४८ किलोहर्ट्झपर्यंत (आवाज किती बारीक, उंच पट्टीचा ते मोजायचं माप) ऐकू येतं, आपलं २० ला संपतं, आणि त्याचे कान सगळ्यात तिखट ४ किलोहर्ट्झच्या आसपास.

आता गंमत ऐका. झेक संशोधकांनी या लाल खोकडांच्या जवळपास ६०० उड्या नोंदवल्या, तो अभ्यास २०११ साली छापून आला. उंच गवतात किंवा बर्फाखाली उंदीर दडलेला असताना उत्तरेकडून थोडं पूर्वेला तोंड करून मारलेल्या उड्यांपैकी ७३ टक्क्यांच्या आसपास यशस्वी, बरोबर उलट्या दिशेला ६०, आणि बाकी कुठल्याही दिशेला १८ सुद्धा धड नाही. त्यांचा तर्क असा की पृथ्वीचं चुंबकत्व त्याला जाणवतं आणि त्यावरून तो अंतर मोजतो. तर्कच आहे हा, सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे आमच्या कोल्ह्याच्या डोक्यात होकायंत्र आहे असं घरी जाऊन सांगू नका.

नाकाबद्दल मात्र मला कुठला पेपर वाचावा लागला नाही, किनाऱ्यावर राहून कळतं ते. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, दीडेक फूट खोल, शंभराच्या आसपास, वर वाळू थापून सारखी करून जातात. माणसाला ती जागा माग बघूनच सापडते, तोही भरतीने पुसला की संपलं. कोल्हा येतो, वाळूला नाक लावत चालतो आणि नेमकं तिथेच उकरतो. म्हणून तर वेळास-आंजर्ल्याकडे अंडी तिथून काढून कुंपणातल्या हॅचरीत नेऊन पुरतात. ओहोटीला कांदळवनातल्या चिखलात कुर्ल्या शोधायलाही तेच नाक, आणि बिळात तोंड घातल्यावर मिशा.

आणि वारा. शाळेत खारे वारे मतलई वारे घोकले होते ना, ते इथे कामाला येतात. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे कोल्हा किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात नुसता बसून राहिला तरी कोणाचं खुराडं कुठे आहे, सुकत घातलेली मासळी कोणी आत घ्यायची विसरलं, सगळी गावाची बातमी त्याला घरपोच. धोधो पावसात त्याचं कसं चालत असेल याचा मी विचार करते कधीकधी, त्या आवाजात कान काय कामाचे, तेव्हा नाकावर आणि पडल्या-सडल्यावरच भागत असणार.

अंगावर येतो का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही हो, सहसा वाटेलाच जात नाही, तुमचा वास आणि चपलांचा आवाज त्याला केव्हाच मिळालेला असतो, तो आधीच बाजूला होतो. पिसाळलेला असेल तर गोष्ट वेगळी, कुत्र्याचंही तेच.

बघायचाच असेल तर टॉर्च बंद करा, अगदीच लागला तर काचेवर लाल जिलेटिन पेपर लावा, लाल उजेड त्याला फारसा कळत नाही. समुद्राकडे पाठ करून वाळूत बसा म्हणजे वारा तोंडावर येईल आणि तुमचा वास मागे पाण्याकडे जाईल. बोलू नका, वेफर्सची पाकिटं फोडू नका, सेंट नको. आणि ओडोमॉस पण लावू नका, हे सांगितलं की मात्र निम्मे लोक उठून खोलीत जातात.